वाचक विचारतात : ॲस्ट्रोसॅट नेमका काय बघतो, आणि आपल्या लेकरांना त्यातून काय मिळतं

गेल्या अंकात ॲस्ट्रोसॅटला दहा वर्षं झाली म्हणून चार ओळींचं टिपण टाकलं होतं. २८ सप्टेंबर २०१५ ला सकाळी दहा वाजता श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी३० वर बसून गेलेली ही आपल्या देशाची पहिली अंतराळातली खगोल-वेधशाळा, वजन दीड टनाच्या आसपास, एक्स-रे आणि अल्ट्राव्हायोलेटमध्ये आकाश बघते, बस एवढंच लिहिलं होतं. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की यावेळचा सगळा कॉलम त्यालाच देतोय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं, त्यामुळे फक्त गावं दिली आहेत.

सर, एक्स-रे तर दवाखान्यातल्या मशीनमधून निघतात ना, मग आकाशात कुठून आले? आणि ते बघायला उपग्रहच कामून लागतो, उंच डोंगरावर दुर्बीण ठेवली तर नाही का चालत?
— अकरावी सायन्सची विद्यार्थिनी, सेलू

बाळा, प्रश्न एकदम मुळातला आहे म्हणून तुझाच पहिला घेतला. कुठलीही वस्तू तापली की प्रकाश टाकते आणि ती किती तापली यावर कुठला प्रकाश निघणार ते ठरतं. सूर्याचा पृष्ठभाग साधारण साडेपाच हजार डिग्री, म्हणून तो आपल्या डोळ्याला दिसणारा प्रकाश जास्त टाकतो. त्याच्या चार-पाच पट तापलेले तारे घेतले तर त्यांचा बराचसा प्रकाश अल्ट्राव्हायोलेट म्हणजे अतिनील, तो डोळ्याला दिसतच नाही. आणि तापमान दहा लाख, एक कोटी डिग्रीवर गेलं की एक्स-रे निघायला लागतात. आता एवढं तापतं कुठं, तर जिथं गुरुत्वाकर्षण भयंकर आहे तिथं. समज, एखाद्या ब्लॅक होलच्या किंवा न्यूट्रॉन ताऱ्याच्या (म्हणजे फुटलेल्या ताऱ्याच्या उरलेल्या, भयंकर दाट गाभ्याच्या) शेजारी एक साधा तारा आहे. ब्लॅक होल त्याचा वायू ओढून घेतं, तो वायू सरळ आत न पडता गोल गोल फिरत जातो, थराला थर घासतो आणि आत जाता जाता कोटी डिग्रीपर्यंत तापतो. म्हणजे ब्लॅक होल स्वतः दिसत नाही पण त्यात पडणारा माल पडायच्या आधी जो प्रकाश टाकतो तो एक्स-रेमध्ये लख्ख दिसतो. याशिवाय जोरदार चुंबकीय क्षेत्रात प्रचंड वेगाने फिरणारे इलेक्ट्रॉनसुद्धा एक्स-रे सोडतात, त्याचं उदाहरण पुढे क्रॅब नेब्युलाचं येईलच.

हे सगळं माणसाला कळलं १९६२ मध्ये. अमेरिकेत रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सोबत्यांनी एक रॉकेट सोडलं, चंद्राकडून एक्स-रे येतात का ते बघायला, आणि चंद्र राहिला बाजूला, वृश्चिक राशीच्या दिशेने एक्स-रेचा झोत सापडला. त्याला नाव दिलं स्कॉर्पियस एक्स-१. उन्हाळ्यात गच्चीवर झोपल्यावर दक्षिणेला जो विंचू दिसतो ना नांगी वर केलेला, त्याच बाजूला आहे तो, पण साध्या डोळ्याने नाही दिसणार, दिसणाऱ्या प्रकाशात तो फारच अंधुक आहे. एक्स-रेमध्ये मात्र सूर्य सोडला तर सगळ्या आकाशात कायम तळपणारा तोच सगळ्यात तेजस्वी. जियाकोनींना २००२ मध्ये नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

आता डोंगराचं. आपली हवा एक्स-रे पूर्ण गिळून टाकते, जमिनीपर्यंत एक पण येत नाही. अतिनीलचा बहुतेक भाग ओझोन आणि ऑक्सिजन अडवतात. एव्हरेस्टवर दुर्बीण नेली तरी वर एवढी हवा शिल्लक राहते की काही उपयोग नाही. आपण जिवंत आहोत ते हवा हे सगळं अडवते म्हणूनच, पण बघायचं असेल तर हवेच्या वर जावंच लागतं. ॲस्ट्रोसॅट ६५० किलोमीटरवर फिरतो.

आमच्या शिवारात मागं एकदा मोठं पॅराशूट आन् त्याला बांधलेली पेटी पडली होती. लोकं म्हणले बॉम्ब आहे, कोणी म्हणलं चीनचं आहे. पोलीस आले, नंतर हैदराबादहून माणसं येऊन घेऊन गेले. ते तुमच्या या उपग्रहाचंच काही होतं का?
— शेतकरी, औसा तालुका

दादा, उपग्रहाचा तुकडा नव्हता तो. पण विचारलंत ते फार बरं केलं, कारण नातं आहे आणि जवळचं आहे.

हैदराबादला टीआयएफआर म्हणजे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं एक बलून केंद्र आहे. तिथून एकदम पातळ पॉलिथिनचे अवाढव्य फुगे हायड्रोजन भरून सोडतात, वर जाऊन फुगले की ५० मीटरच्या पुढं रुंद होतात, आणि ३० ते ४० किलोमीटर उंचीवर जातात. फुग्याखाली शास्त्रज्ञांची उपकरणं टांगलेली असतात. काही तास मोजमाप झालं की खालून सिग्नल देऊन ती पेटी सोडवतात आणि ती पॅराशूटने खाली येते. वरच्या वाऱ्याने फुगा वाहत जातो म्हणून ती पेटी हैदराबादेत न पडता लातूर, नांदेड, सोलापूर, विदर्भ, कर्नाटक अशी कुठंही पडते. पेटीवर पत्ता लिहिलेला असतो. कळवणाऱ्याला बक्षीस मिळतं, फोनचा, निरोपाचा खर्चही देतात, पण पेटी उघडली किंवा आतलं काही काढलं तर काहीच मिळत नाही. आणि खरंच उघडू नका, काही उपकरणांत हाय व्होल्टेज असतं, जिवावर बेतू शकतं. जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा पोस्टात कळवायचं, तोवर लेकरांना लांब ठेवायचं.

नातं कुठलं म्हणाल तर, ४० किलोमीटरवर गेलं की जास्त ऊर्जेचे एक्स-रे थोडेफार मिळायला लागतात. उपग्रह हाताशी नव्हता तेव्हा आपल्या शास्त्रज्ञांनी एक्स-रेचं खगोलशास्त्र याच फुग्यांवर आणि रॉकेटवर शिकलं. स्वतः डिटेक्टर बनवायचे, फुग्यावर टांगायचे, पडले की शोधून आणायचे, परत दुरुस्त करायचे. १९७५ च्या आर्यभट्टवर एक्स-रेचा एक प्रयोग होता, १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या उपग्रहावर एक्स-रेचं उपकरण गेलं, आणि मग कुठं ॲस्ट्रोसॅट झाला. त्यामुळे मला विचाराल तर ज्या शिवारात ती पेटी पडली त्या शिवाराचा या सगळ्यात हिस्सा आहे, आणि तुमच्या गावात कुणीतरी ती न फोडता पोलिसांना कळवली याचं मोल मोठं आहे. त्या पेटीत कुणाची तरी चार-चार, पाच-पाच वर्षं असतात.

मी इंजिनिअरिंगला आहे. हबल आहे, चंद्रा आहे, त्यांचे आरसे आपल्यापेक्षा कितीतरी मोठे आणि भारी. मग आपण कमी साईजच्या पाच दुर्बिणी एका उपग्रहावर बसवून काय मिळवलं? एकच मोठी का नाही बनवली?
— छत्रपती संभाजीनगर

मित्रा, बरोबर आहे. हबल आणि चंद्रा या अमेरिकेच्या अंतराळातल्या मोठ्या दुर्बिणी, चंद्रा एक्स-रेची. हबलचा आरसा २.४ मीटरचा आणि ॲस्ट्रोसॅटवरच्या आपल्या यूव्हीआयटी या अतिनील दुर्बिणीचे आरसे ३८ सेंटीमीटरचे, त्यात तुलनाच नाही. पण ॲस्ट्रोसॅट त्या शर्यतीसाठी बनवलाच नव्हता. त्याची खरी ताकद एका शब्दात सांगायची तर "एकाच वेळी". या कॉलमातून दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल पण हे राहू द्या.

जीआरएस १९१५+१०५ नावाचं एक ब्लॅक होल आहे आपल्याच आकाशगंगेत, सूर्याच्या साधारण बारा पट वस्तुमानाचं. त्याचा एक्स-रेचा प्रकाश काही सेकंदांत वर जातो, काही सेकंदांत खाली येतो, मधेच ठराविक तालात धडधडतो, मग अचानक वेगळाच ताल पकडतो. आता समजा त्याचे कमी ऊर्जेचे एक्स-रे एका उपग्रहाने सोमवारी बघितले आणि जास्त ऊर्जेचे दुसऱ्या उपग्रहाने गुरुवारी, तर जोडायचं काय आणि कशाला? मधल्या काळात त्या ब्लॅक होलने हजार रूपं बदललेली असतात. डिस्कमधून म्हणजे फिरत्या वायूच्या चकतीतून येणारा मऊ (कमी ऊर्जेचा) प्रकाश आधी वाढला की आतल्या भागातून येणारा कडक (जास्त ऊर्जेचा) प्रकाश आधी, कोण कुणाच्या मागे आणि किती मिलिसेकंदाने, हे कळलं तरच तिथं काय चाललंय ते कळतं. त्यासाठी सगळी उपकरणं एकाच दिशेला तोंड करून एकाच घड्याळावर चालायला पाहिजेत. चंद्रा किंवा हबलसाठी वेळ मागणारे हजारो, दोघांचा वेळ जुळवून आणायचा म्हणजे महिनोन् महिने पत्रव्यवहार. ॲस्ट्रोसॅटवर ते बाय डिझाईन आहे, चार उपकरणं एकाच दिशेला बघतात.

आता तू इंजिनिअरिंगचा म्हणून उपकरणांमध्ये थोडं शिरतो. एसएक्सटी म्हणजे मऊ एक्स-रेची दुर्बीण. एक्स-रे आरशावर सरळ आदळला की परत फिरत नाही, आरशात घुसून संपतो. पण एकदम तिरपा, पृष्ठभागाला घासून आला तर उसळतो, तळ्यात चपटा दगड तिरपा मारून आपण भाकऱ्या काढतो तसा. म्हणून या दुर्बिणीत एक गोल आरसा नाही, सोन्याचा मुलामा दिलेले ३२० पातळ वाकवलेले पत्रे एकात एक बसवलेत, त्यांच्यावरून घासत घासत एक्स-रे दोन मीटर मागे असलेल्या सीसीडी कॅमेऱ्यावर जमा होतात. तो कॅमेरा उणे ८० डिग्रीच्या आसपास थंड ठेवावा लागतो. आरसे टीआयएफआरने मुंबईत केले, कॅमेऱ्यासाठी इंग्लंडच्या लेस्टर विद्यापीठाची साथ.

लॅक्सपीसी या दुसऱ्या उपकरणात तर आरसा पण नाही. झेनॉन वायू दाबून भरलेल्या तीन मोठ्या पेट्या, एक्स-रे आत शिरला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात, ते तारांवर मोजायचे. चित्र काढायचं काम तिचं नाहीच, मोजायचं काम आहे, पण मोजते अशी की प्रत्येक एक्स-रे कधी आला त्याची वेळ दहा मायक्रोसेकंदापर्यंत नोंदते. जीआरएस १९१५ सारख्या चंचल ब्लॅक होलसाठी हेच पाहिजे. सीझेडटीआय त्याच्याही पुढच्या ऊर्जेचे एक्स-रे पकडते, तिच्यात कॅडमियम झिंक टेल्युराईडच्या ६४ चकत्या, प्रत्येकीत २५६ पिक्सेल. इतक्या कडक एक्स-रेला आरशाने वळवणं फार अवघड म्हणून वर छिद्रांचा एक पत्रा बसवलाय, त्या छिद्रांची सावली खाली कशी पडली यावरून प्रकाश कुठून आला ते गणिताने काढतात. एसएसएम नावाचा पाचवा तेवढा वेगळा, तो फिरत फिरत आकाश चाळतो, कुठं नवीन काही पेटलं का बघतो.

आणि यूव्हीआयटी. बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने होसकोटेच्या क्लीन रूममध्ये जुळवलेली, डिटेक्टर कॅनडाच्या सोबतीने, पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेचाही त्यात हात. ही दुर्बीण उपग्रह उडाल्यावर दोन महिने झाकणं लावून बसली होती. कारण नव्या उपग्रहातून चिकटपट्ट्या, रंग, वायरी यांतून वाफा निघत असतात आणि त्या आरशावर अगदी रेणूभर थराने जरी बसल्या तरी अतिनील प्रकाश तिथंच संपतो. म्हणून सगळं "सुकेपर्यंत" थांबले आणि ३० नोव्हेंबर २०१५ ला झाकणं उघडली. ही सेकंदाला साधारण २९ फ्रेम घेते, एक एक फोटॉन मोजते, उपग्रह हलल्याने जी थरथर होते ती नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकतात. एका नजरेत चंद्राच्या बिंबाएवढा आकाशाचा तुकडा घेते, हबलची नजर त्यापुढे अगदी अरुंद. म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणशील तर हबल खोल बघतो, ही रुंद बघते, दोन्ही लागतात.

शाळेत मुलांना सांगायला ठोस शोध सांगा. "मोठी कामगिरी" वगैरे नको, नेमकं काय सापडलं?
— शिक्षिका, अंबाजोगाई

मॅडम, मुलांना सांगायचाच तर आधी हा सांगा.

२०२० च्या ऑगस्टमध्ये नेचर ॲस्ट्रॉनॉमी या जर्नलमध्ये पुण्याच्या आयुकातले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा पेपर आला. यूव्हीआयटीने ऑक्टोबर २०१६ मध्ये आकाशाच्या एका छोट्या काळ्या तुकड्याकडे एकूण २८ तास टक लावून बघितलं होतं. त्यात ९३० कोटी प्रकाशवर्षं लांबची एक दीर्घिका (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखाच ताऱ्यांचा मोठा समूह) सापडली, एयूडीएफएस०१ नावाची, जिच्यातून अति-अतिनील म्हणजे साध्या अतिनीलपेक्षाही जास्त ऊर्जेचा प्रकाश बाहेर येत होता. यात काय मोठं? तर असा प्रकाश दीर्घिकेतून बाहेर निसटणं फार अवघड असतं, कारण दीर्घिकेत हायड्रोजन भरलेला असतो आणि तो हा प्रकाश खाऊन टाकतो. पण विश्व अगदी लहान होतं तेव्हा सगळीकडे थंड हायड्रोजन पसरलेला होता, धुक्यासारखा अंधार, आणि तो कुणीतरी फोडला, हायड्रोजनचे इलेक्ट्रॉन सुटे केले, तेव्हा कुठं विश्व पारदर्शक झालं. हे कुणी केलं याच्यावर वर्षानुवर्षं चर्चा चालू आहे. पहिल्या लहान दीर्घिकांमधून निसटलेल्या याच प्रकाशाने केलं असावं, असं बरेच जण मानतात. पण निसटतो म्हणता तर दाखवा कुठं निसटतो ते! ते दाखवणाऱ्या मोजक्या दीर्घिकांमधली ही एक आणि त्या काळातली, त्या तरंगलांबीत पहिलीच.

आकडे मुलांना आवडतील. प्रकाश निघाला तेव्हा त्याची तरंगलांबी ६० नॅनोमीटरच्या आसपास होती, वाटेत विश्व पसरत गेलं, प्रकाशही ताणला गेला आणि आपल्यापर्यंत येईतो १४५ नॅनोमीटरच्या आसपास झाला, बरोबर यूव्हीआयटीला दिसेल असा. फळ्यावर १४५ भागिले ६० करून दाखवा, साधारण २.४ येतं, म्हणजे प्रकाश निघाल्यापासून विश्व तेवढं पट पसरलं. आणि हबल मोठा असून त्याला हे का नाही सापडलं, तर इतका मंद सिग्नल डिटेक्टरच्या स्वतःच्या गोंगाटात बुडतो, यूव्हीआयटीच्या डिटेक्टरमध्ये तो गोंगाट फार कमी आहे. २८ तासांच्या निरीक्षणावर खात्री करायला टीमने दोनेक वर्षं घालवली. मुलांना हे पण जरूर सांगा, शोध म्हणजे एका रात्रीत काही नसतं.

दुसरा क्रॅबचा. इसवी सन १०५४ मध्ये चिनी लोकांनी एक तारा फुटलेला बघून लिहून ठेवला, त्याच्या राखेत आज एक न्यूट्रॉन तारा सेकंदाला ३० वेळा गरगर फिरतोय. सीझेडटीआयने त्याच्या कडक एक्स-रेचं ध्रुवीकरण मोजलं, म्हणजे प्रकाशाच्या लहरी कुठल्या दिशेत हलतात ते. अहमदाबादच्या पीआरएल संस्थेतल्या संशोधकांच्या पुढाकाराने हा पेपर २०१७ मध्ये आला. त्यात दिसलं की ताऱ्याचा झोत आपल्याकडे नसतो त्या मधल्या वेळेतच ध्रुवीकरण सगळ्यात जास्त बदलतं, आणि हे तेव्हाच्या कुठल्याच सिद्धांतात बसत नव्हतं. आवर्जून सांगण्यासारखं म्हणजे ध्रुवीकरण मोजणं हे त्या उपकरणाचं मुख्य काम नव्हतंच, आपल्या लोकांनी उडण्याआधी लॅबमध्ये तपासून ठेवलं होतं की हे यातून जमेल. पुढे १ जानेवारी २०२४ ला खास ध्रुवीकरणासाठी एक्सपोसॅट सोडला.

तिसरा थोडक्यात. जुन्या तारकागुच्छांत काही तारे वयाच्या मानाने फार तरुण आणि निळे दिसतात. कर्क राशीतल्या एम६७ गुच्छात यूव्हीआयटीला अशा एका ताऱ्याला चिकटून लपलेला तापलेला पांढरा बटू (म्हणजे इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला गाभा) सापडला, म्हणजे शेजाऱ्याचा वायू घेऊन हा तरुण झाला आणि शेजारी उघडा पडला. साध्या प्रकाशात तो शेजारी दिसतच नाही, अतिनीलमध्ये दिसतो.

ॲस्ट्रोसॅट रात्री आपल्या गावातून दिसतो का?
— जालना

नाही हो. त्याची कक्षा विषुववृत्ताला फक्त ६ अंश कललेली आहे, म्हणजे तो श्रीलंकेच्या आसपासच्या पट्ट्यातून ये-जा करतो. आपल्याकडून फार तर दक्षिणेच्या क्षितिजालगत येतो आणि तिथं तो डोळ्याने दिसेल अशी आशा नको. एवढी कमी कलती कक्षा मुद्दाम निवडली, दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा एक मोठा पट्टा खाली उतरलेला आहे, त्यातून जाताना डिटेक्टर बंद करावे लागतात, ६ अंशांत तो पट्टा बऱ्यापैकी टळतो.

औंढा नागनाथजवळ लायगोचं काम होणार म्हणून आमच्याकडे रोज चर्चा असते. लायगो आणि ॲस्ट्रोसॅटचा काही संबंध आहे का, का दोन्ही वेगवेगळं?
— वसमत, जि. हिंगोली

संबंध आहे, आणि मला हा प्रश्न हिंगोली जिल्ह्यातून आला याचा फार आनंद झाला.

लायगो प्रकाश बघत नाही. दोन ब्लॅक होल किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात लहर उठते, ती गुरुत्वीय लहर. ती आली की चार-चार किलोमीटरच्या दोन काटकोनी नळ्यांची लांबी प्रोटॉनपेक्षाही हजारो पट कमी अंतराने बदलते, ते लेझरने मोजायचं. पण लायगोला लहर कधी आली ते छान कळतं, नेमकी कुठून आली ते नीट कळत नाही, आकाशाचा भलामोठा तुकडा दाखवून म्हणतं इकडून कुठूनतरी. मग जगभरच्या दुर्बिणी तो तुकडा पिंजून काढतात. इथं सीझेडटीआय कामाला येते. तिच्या बाजूच्या भिंती एक्स-रेपेक्षाही जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांना अडवत नाहीत, त्यामुळे ती समोर काहीही बघत असली तरी आकाशात इतर कुठं गॅमा किरणांचा स्फोट झाला तर तो तिच्यात उमटतो. असे ६०० हून जास्त स्फोट तिने पकडलेत.

४ जानेवारी २०१७ ला लायगोला एक लहर मिळाली. शोधताना हवाई बेटांवरच्या ॲटलस दुर्बिणीला त्याच भागात एक विझत चाललेला ठिपका दिसला आणि सगळ्यांना वाटलं हाच तो. सीझेडटीआयच्या नोंदीत मात्र दुसऱ्या दिवशी, ५ तारखेला, एक गॅमा स्फोट होता. वेळ जुळवली आणि स्पष्ट झालं की तो ठिपका या स्फोटाची धग आहे, लायगोच्या लहरीशी त्याचा संबंध नाही, योगायोगाने एकाच बाजूला आले. त्याच वर्षी १७ ऑगस्टला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर आली, पावणेदोन सेकंदांनी गॅमा स्फोट आला, आणि नेमक्या त्या क्षणाला ॲस्ट्रोसॅट आणि ती जागा यांच्या मधे पृथ्वी होती. सीझेडटीआयला काहीच दिसलं नाही. पण "काही दिसलं नाही" हीसुद्धा माहिती असते, कारण त्यावरून आकाशाचा जो भाग तिला तेव्हा दिसत होता तो शोधातून वगळता आला.

आता विचार करा, औंढ्याची लायगो सुरू झाली की अमेरिका, युरोप, जपानच्या जोडीला आपण पृथ्वीच्या वेगळ्याच बाजूने ऐकणार, आणि लहर कुठून आली ते कितीतरी नेमकं सांगता येणार. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केलेत, २०३० पर्यंत उभारायचं ठरलंय. तोपर्यंत ॲस्ट्रोसॅट चालू असेल का, तो पाच वर्षांसाठी बनवलेला आणि दहा पूर्ण केलेत, त्यामुळे त्याच्यावर भरवसा टाकून बसता येणार नाही. यूव्हीआयटीची तीनपैकी एक वाहिनी, जवळच्या अतिनीलची, मार्च २०१८ मध्ये बंद पडली, लॅक्सपीसीच्या तीनपैकी एका पेटीतला वायू गळाला. म्हणून मला मनापासून वाटतं की पुढच्या उपग्रहाला आत्ताच मंजुरी पाहिजे, लायगो-इंडिया सुरू होईल तेव्हा गॅमा स्फोट बघणारं आपलं स्वतःचं उपकरण वर असायला पाहिजे. मुंबईच्या आयआयटीच्या पुढाकाराने "दक्ष" नावाचा दोन उपग्रहांचा प्रस्ताव तयार आहे, अगदी याच कामासाठी.

माझी मुलगी बीएस्सी सेकंड इयरला आहे, फिजिक्स. तिला हेच करायचं म्हणते. घरचे म्हणतात आपल्याकडच्या पोरींनी बीएड करावं, हे मोठ्या शहरातल्यांचं काम. दुर्बीण नाही, ओळख नाही. खरंच होईल का तिच्याच्याने?
— आई, नांदेड

ताई, होईल. आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाही, कसं होईल ते सांगतो.

पहिली गोष्ट, दुर्बीण लागतच नाही. ॲस्ट्रोसॅटचा सगळा डेटा बंगळुरूजवळ बायलालूला इस्रोच्या डेटा केंद्रात येतो. ज्याने निरीक्षण मागितलं त्याला साधारण एक वर्ष तो राखून ठेवतात आणि मग सगळ्यांसाठी खुला करतात. पोर्टलवर नाव नोंदवायचं आणि डाउनलोड करायचा, फुकट. मी वर जे क्रॅबचं, जीआरएस १९१५ चं लिहिलं, त्याचा मूळ डेटा तुमच्या मुलीला नांदेडमध्ये बसून उघडता येतो, तोच जो मोठ्या संस्थेतला प्रोफेसर उघडतो. एवढा डेटा पडून आहे की बघायला माणसं कमी पडतात, हे मी जबाबदारीने लिहितोय.

दुसरी, हे काम नांदेडला नवीन नाही. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातून दीर्घिका आणि दीर्घिकासमूहांवर एक्स-रेच्या डेटावर संशोधन झालेलं आहे, तुमच्या घरापासून बसने जाता येईल इतक्या जवळ. तिला एक दिवस तिथं जाऊन सरळ भेटू द्या, सोबत मार्कलिस्ट नको, दोन प्रश्न घेऊन जाऊ द्या.

तिसरी, पुण्याचं आयुका. जयंत नारळीकर सरांनी १९८८ मध्ये ही संस्था उभी केली ती विद्यापीठांतल्या, लहान गावांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांना खगोलशास्त्र करता यावं यासाठीच. ॲस्ट्रोसॅटचा डेटा वापरणाऱ्यांना मदत करणारा कक्षही तिथंच आहे. उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी समर स्कूल आणि सुट्टीतले प्रोजेक्ट असतात, जाहिरात साईटवर येते, अर्ज तिनेच करायचा. आणि २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, दारं सगळ्यांना उघडी असतात, तुम्ही दोघी मिळून जाऊन या, तुम्हाला स्वतःला बघायला मिळालं की घरच्यांना सांगणं सोपं जाईल.

बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेश परीक्षा देऊन एमएस्सी, मग पीएचडीसाठी जेस्ट किंवा नेट या परीक्षा, आणि पीएचडीला लागलं की फेलोशिप मिळते, म्हणजे घरून पैसे मागायची वेळ येत नाही, उलट दरमहा मिळतात. बीएडला माझा विरोध नाही, चांगले शिक्षक पाहिजेतच, पण तिला ते नको असताना तिच्यावर लादू नका. नाही जमलं पुढं, तरी या कामात जे शिकते, प्रोग्रॅमिंग, स्टॅटिस्टिक्स, मोठा डेटा हाताळणं, त्यावर नोकरी मिळते.

आजपासून काय करायचं ते लिहून देतो, तिला दाखवा. जुना लॅपटॉप असला तरी चालेल, त्यावर लिनक्स ही फुकट मिळणारी ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायची, रोज थोडी. स्टॅटिस्टिक्सचा पेपर पास होण्यापुरता न करता नीट करायचा, कारण एक्स-रे खगोलशास्त्र म्हणजे एक एक फोटॉन मोजणं आणि मोजणीतली चूक किती ते सांगता येणं. मग ॲस्ट्रोसॅटच्या संग्रहातून लॅक्सपीसीचं क्रॅबचं एक निरीक्षण घ्यायचं आणि त्यातून तो ताऱ्याचा सेकंदाला ३० वेळा येणारा ठोका स्वतः शोधून काढायचा. पहिल्यांदा सॉफ्टवेअर बसवतानाच अडचणी येतील, सगळ्यांना येतात, अडली तर मला या मासिकाच्या पत्त्यावर लिहायला सांगा, एरर मेसेज जसाच्या तसा पाठवायचा, मी उत्तर देईन.